हे तुम्ही स्वतः केले का?

कला महोत्सवातील स्टॉलवर काचेच्या मण्यांचे दागिने मांडून बसले की दिवसभरात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला ‘केवढ्याला?’ आणि दुसरा ‘हे तुम्ही स्वतः केले का?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय आपल्या घरांत जन्मापासूनच लागते. सोलापूरला माझ्या माहेरी कापडाचे दुकान होते. गादीच्या मागे ‘एकच भाव’ अशी पाटी असे. ती वाचूनही घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला अण्णा ताक पाजीत, गावाकडची विचारपूस करीत. भाव मात्र कमी करीत नसत. त्यामुळे भाव सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. ती अडखळली दुसऱ्या प्रश्नाला. त्याची हकिगत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

मी २०१९ मध्ये बँकेतून निवृत्त झाले. एम.कॉम. होऊन नोकरीला लागले तेव्हापासून दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात आयुष्य गेले. शेवटची काही वर्षे तर कर्ज विभागात, तेही मुख्यतः सोनेतारणाच्या कामात. हाताने काही घडविण्याचा संबंध शाळेतल्या भरतकामापाशीच संपला होता. निवृत्तीनंतर तीनच महिन्यांत एके दुपारी माझे मंगळसूत्र वाढवले आणि काळे मणी स्वयंपाकघरभर पसरले. दिव्याच्या उजेडात, सुईच्या टोकाने एकेक मणी टिपताना प्रथमच लक्षात आले, की ही काळी पोत म्हणजे काच. सोन्याच्या वाट्यांचे वजन आणि कस मला तोंडपाठ होता. पण चाळीस वर्षे गळ्यात वागविलेला तो मणी कोणी, कुठे आणि कसा केला असेल, हा विचार मनाला कधी शिवला नव्हता.

मग तोच नाद लागला. तेरला आम्ही लहानपणापासून मंदिराच्या दर्शनाला जात असू, पण तेथील लामतुरे संग्रहालयात पाऊल टाकले ते या वेळी. प्राचीन तगर नगरीच्या मातीतून निघालेले मणी तेथे मांडलेले आहेत. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये उत्खनन केले. तेथेही काचेचे बारीक मणी विपुल सापडले. असल्या भारतीय मण्यांचा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियापर्यंत चालत असे. व्यापाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला हे वाचून फार बरे वाटले. मण्याएवढी वस्तू समुद्रापार जाते, म्हणजे त्यात नफा असलाच पाहिजे, असा विचार प्रथम मनात आला हेही प्रांजळपणे नमूद करते.

२०२१ साली यजमानांना घेऊन उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगरला गेले. फिरोजाबादच्या बांगड्या सर्वांना ठाऊक असतात. पुरदिलनगर मण्यांचे गाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. भट्टीभोवती बसलेली माणसे लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळून एकामागून एक मणी उतरवीत होती. त्यांतील एका वयस्क कारागिराने मला सळई हातात धरू दिली. माझा पहिला मणी भोपळ्यासारखा झाला. ते हसले नाहीत. ‘हाथ घुमाते रहिए,’ एवढेच म्हणाले.

हात फिरवीत राहणे, ही या कामातील खरी मेख. पुण्यात मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाईंचेही तेच सांगणे होते. टेबलावर पक्की बसविलेली एक लहान ज्योत असते. गॅसच्या जोडीला प्राणवायू दिला की ती निळी आणि टोकदार होते. एका हातात पेन्सिलीएवढी काचेची कांडी, दुसऱ्या हातात सायकलच्या तारेसारखी पोलादी काडी. काडीला आधी चिकणमातीचा पातळ लेप द्यावा लागतो, नाहीतर मणी तिलाच कायमचा चिकटतो. कांडीचे टोक मधासारखे ओघळू लागले की ते काडीवर गुंडाळायचे. काच तापताच सोड्यामुळे पिवळा प्रकाश उसळतो आणि आतले काही दिसत नाही. त्यासाठी विशिष्ट काचांचा चष्मा लावावा लागतो. तापलेल्या काचेचा रंगही फसवा असतो. ज्योतीत नारिंगी दिसणारा मणी निवल्यावर कोणता रंग दाखवील, हे वर्षभराच्या सवयीने कळू लागते. हस्तिदंती रंगाची काच आणि तांब्यामुळे निळसर-हिरवी झालेली काच शेजारी आली, की दोहोंच्या सीमेवर आपोआप काळसर रेघ उमटते. पहिल्यांदा मी ती चूक समजून सहा मणी फेकून दिले. आता तीच रेघ पाहून गिऱ्हाईक थांबते.

मणी झाला की काम संपले असे मात्र नसते. तो तसाच उघड्यावर निवू दिला तर वरून थंड, आतून गरम, या ओढाताणीत तडकतो. कधी लगेच, कधी आठवड्यानंतर, विकत घेणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून विजेच्या छोट्या भट्टीत सुमारे पाचशे अंश तापमानाला ठेवून तो रात्रभर हळूहळू निववावा लागतो. ज्यांचे प्रसरण जुळत नाही अशा दोन जातींच्या काचा एकत्र आणल्या तर भट्टीही त्यांना वाचवीत नाही. साधे मणी तासाला सात-आठ होतात. फुलापानांचे नक्षीचे असतील तर तासाला दोन, फार तर तीन.

दागिन्यांच्या उद्योगात उतरताना सर्वांत आधी मी नकारांची यादी केली होती. मोती नको, पोवळे नको, शंख-शिंपला नको, हाड नको, लाखेचा मणी नको. गुंफायला रेशमाचा दोरा नको आणि मधमाशीचे मेण चोळलेला दोराही नको. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य येतात, हे पाठशाळेत पाठ केलेले होतेच. उरली काच. वाळू, सोडा आणि चुनखडी. कोणा त्रसजीवाचे शरीर त्यात नाही. मन निश्चिंत झाले. आणि मग त्याच यादीतले पहिले नाव आठवले : अंगारकर्म.

ज्योतीवाचून मणी होत नाही. अग्निकायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात दुपारभर ज्योत पेटती ठेवायची, हे सासूबाईंना रुचले नव्हते. त्या मला थेट काही बोलल्या नाहीत; ‘अगं, चूल कमी का पेटवतो आपण, ते तुला सांगायला नको,’ एवढे एकदा म्हणाल्या. आमच्या भागात विहार करीत आलेल्या एका आर्यिका माताजींना मी हे विचारले. त्यांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ‘ज्योत किती वेळ जळते, याची नोंद ठेवता का?’ असे त्यांनी विचारले. मला फार शरम वाटली. गॅसचा खर्च, काचेचे वजन, फुटलेल्या मण्यांची संख्या, सारे माझ्या वहीत होते. ज्योतीचे तास नव्हते. त्या दिवसापासून वहीत तसा रकाना आखला. प्रत्येक दागिन्यापुढे त्याचे ज्योत-तास लिहिले जाऊ लागले. काम दिवसा अकरा ते चारच्या दरम्यान करायचे, कारण अंधारात पतंग झेपावतात. आणि चातुर्मास लागला की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ज्योत पूर्ण बंद. त्या चार महिन्यांत जुने मणी निवडणे, गुंफणे, कड्या बसविणे एवढेच.

या नियमाचा हिशोबावर काय परिणाम होतो, ते व्यापारी वाचकांच्या लगेच लक्षात येईल. महोत्सवांचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे दसरा-दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा प्रत्येक कारागीर दिवसरात्र माल तयार करीत असतो, तेव्हा माझी ज्योत विझलेली. पौर्णिमेनंतर हाताशी राहतात जेमतेम सहा आठवडे.

स्टॉल घेण्यावरूनही घरात थोडी कुजबुज झाली होती. धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही बँकेत मॅनेजर होता. आता मैदानात टेबल टाकून मणी विकणार? आपल्या दुकानात एक कपाट देतो की तुम्हाला.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्या घरांत दुकानाची पायरी गिऱ्हाइकाने चढायची असते. आपण टेबल घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे हा एक पायरी उतरण्याचा प्रकार वाटतो. अण्णांचे वडील मात्र खांद्यावर गाठोडे घेऊन आठवडी बाजार करीत असत, ही आठवण मी दीरांना करून दिली. ते हसले आणि पहिल्या महोत्सवाला त्यांनीच टेम्पो दिला.

कला महोत्सव मला नवा नव्हता. मुंबईत फोर्टमधील शाखेत असताना फेब्रुवारीत भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात जेवणाच्या सुट्टीत चक्कर मारीत असे. १९९९ पासून तो भरतो. पुण्यातल्या भीमथडी जत्रेलाही दरवर्षी जाणे होते. पण टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून दिसणारे जग निराळे. पलीकडे बसल्यावर पहिला धडा आरशाचा. पहिल्या दिवशी मी आरसा न्यायला विसरले. बायका माळ गळ्याशी धरीत, इकडेतिकडे बघत आणि ठेवून देत. दुसऱ्या दिवशी आरसा ठेवला, तर दुपारपर्यंतच आदल्या पूर्ण दिवसाएवढी विक्री झाली. दुसरा धडा दिव्याचा. पांढऱ्या दिव्यात काच मेलेली दिसते, पिवळ्या दिव्यात जिवंत होते. तिसरा धडा शेजाऱ्याचा. एकटीने स्टॉल सांभाळताना दहा मिनिटे उठायचे तरी शेजारी विश्वासाचा हवा. मला एक कुंभार लाभले. त्यांचा गल्ला मी सांभाळी, माझे टेबल ते सांभाळीत. माझे पाच वाजताचे जेवण ते पाहत असत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गर्दीचा भर नेमका तेव्हापासून. म्हणून पाचला टेबलाच्या मागे पाठ फिरवून डबा उघडावा लागतो. ‘काकू, तुमचं रात्रीचं जेवण आमच्या चहाच्या वेळेला!’ असे ते म्हणत आणि तेवढा वेळ माझ्या माळाही विकून देत. कितीतरी माळा त्यांनी माझ्याहून चांगल्या विकल्या.

घासाघीस सर्वाधिक कोण करते, याची नोंद माझ्या वहीत नाही, पण उत्तर मला ठाऊक आहे. आपल्याच भगिनी! ‘तुळशीबागेत अशी माळ शंभराला मिळते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की शेवटी मी तुळशीबागेतली एक माळ विकत आणून टेबलावर ठेवली. हात लावून पाहा म्हणायचे, दोन्ही उजेडात धरा म्हणायचे. पटले तर घ्या, नाही पटले तर शंभरवाली घ्या, तीही वाईट नाही. काही जणी खरोखर तीच मागत.

आता ती गोष्ट. २०२२ च्या डिसेंबरातील एका महोत्सवासाठी मी चार दिवसांचा स्टॉल घेतला होता. भाडे आगाऊ भरलेले, परत न मिळणारे. पौर्णिमेनंतर काम सुरू केले आणि दुसऱ्याच आठवड्यात भट्टीची तार जळाली. ती दुरुस्त होऊन यायला बारा दिवस लागले. टेबल निम्मे रिकामे राहणार हे दिसू लागले. रिकामे टेबल गिऱ्हाइकाला दूर लोटते, हे दुकानदाराच्या लेकीला कोणी सांगायला नको. मी मुंबईला भुलेश्वरमध्ये गेले आणि पुरदिलनगरचे मणी घेऊन आले. निळ्या काचेवर पाच पाकळ्यांचे पांढरे फूल. नग सहा रुपये. सुंदर होते. मी सुबक माळा गुंफल्या आणि स्वतःच्या मण्यांच्या शेजारीच, त्याच कापडावर मांडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळिशीच्या एक बाई आल्या. बराच वेळ न्याहाळून त्यांनी निळी माळ उचलली. एक्केचाळीस मणी. म्हणाल्या, ‘सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. त्यांना हाताने केलेल्या वस्तूची पारख आहे. काकू, हे तुम्ही स्वतः केले का?’

मी म्हणाले, ‘हस्तनिर्मित आहेत.’

वाक्यात एक अक्षरही खोटे नव्हते. कोणाच्या तरी हातांनीच ते केले होते. त्या हातांचे गाव मी डोळ्यांनी पाहिले होते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अशी वाक्ये सहज सुचतात. प्रश्नाला स्पर्श न करता उत्तर देण्याची ती कला आहे. बाई खूष झाल्या. भाव मी माझ्या स्वतःच्या मण्यांच्या माळेचा सांगितला, दोन हजार चारशे. त्यांनी मोबाईल धरला आणि यंत्राने ती रक्कम साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केली.

रात्री घरी वही भरायला बसले. दागिना, रक्कम, साहित्य, आणि मग ज्योत-तास. त्या रकान्यात शून्य लिहायला हवे होते. मी आडवी रेघ ओढली. हिशोबात शून्य आणि रेघ यांत फरक असतो, हे मी स्वतः कित्येक नवशिक्या कारकुनांना शिकविले होते. शून्य म्हणजे मोजले आणि काही नाही असे आढळले. रेघ म्हणजे मोजायचे टाळले.

चार दिवसांत अशा सात माळा गेल्या. बाकीच्या सहांना कोणी तो प्रश्न विचारला नव्हता, म्हणून मी त्यांच्याबद्दल मनाला फारसे लावून घेतले नाही, तेही चूकच. पुढे महिने गेले. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन होते. पंडितजी बोलता बोलता अचौर्याच्या अतिचारांकडे वळले आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा शब्द आला. खऱ्याच्या नावाने दुसरेच देणे. आजवर हा शब्द ऐकला की मला तुपात भेसळ करणारे, मापात मारणारे लोक दिसत. माझे तर कामच सोने पारखण्याचे होते. मुलामा दिलेल्या बांगड्या तारण ठेवायला आलेल्या किती जणांना मी काउंटरवरून परत पाठविले होते, तेही काहीशा तुच्छतेने. त्या दुपारी मंदिरात बसल्या जागी मला वहीतली ती रेघ दिसली. माळ दिसली नाही, बाई दिसल्या नाहीत, रेघ दिसली.

क्षमावाणीला सर्वांची क्षमा मागितली, पण जिची मागायची तिचा पत्ता नव्हता. पैसे ज्या नावावरून आले ते नाव खात्याच्या उताऱ्यात होते. मनात आणले असते तर ओळखीने शोध घेता आला असता. पण ग्राहकाच्या खात्यावरून तिचा माग काढायचा नाही, ही शिस्त मी आयुष्यभर पाळली होती आणि एका चुकीची भरपाई दुसरीने करावी असे वाटेना. यजमान म्हणाले, ‘त्याच मैदानात, त्याच रांगेत यंदाही स्टॉल घे. यायच्या असतील तर येतील.’

त्या आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाईंना घेऊन. वृद्ध बाईंच्या गळ्यात तीच निळी माळ होती. त्यांनी खुर्ची मागून घेतली, चष्मा पुसला आणि माळ पुढे ओढून मला दाखवीत म्हणाल्या, ‘मी रोज ही हातात घेऊन बसते हो. सगळ्या फुलांना पाच पाकळ्या आहेत, ह्या एकाला चारच. मोजून पाहिल्यात मी. ती पाचवी राहिली, की तुम्ही मुद्दाम सोडलीत?’

मला पळवाट होती. ‘राहून गेली’ म्हटले असते तर त्या हसल्या असत्या. पण वर्षभर मी त्या माळेचा विचार करीत होते आणि तिच्यातले चार पाकळ्यांचे फूल मला ठाऊकही नव्हते. माळ मी गुंफली होती, तरीही. त्यांनी ती माझ्यापेक्षा नीट पाहिली होती.

मी म्हणाले, ‘ते मला सांगता येणार नाही. हे मणी मी केलेले नाहीत. पुरदिलनगरच्या कारागिरांचे आहेत, मी बाजारातून आणून फक्त गुंफले.’

सूनबाईंचा चेहरा पालटला. ‘मी तुम्हाला विचारले होते,’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

‘हो. विचारले होते.’

दुसरे काय म्हणणार? मी हिशोबाचा कागद आधीच करून गल्ल्यात ठेवला होता. मणी दोनशे शेहेचाळीस, कडी व दोरा नव्वद, गुंफण्याचे श्रम आणि भाड्याचा वाटा धरून माळेची योग्य किंमत आठशे पन्नास होत होती. एक हजार पाचशे पन्नास रुपये मी त्यांच्यापुढे ठेवले. माळच परत द्यायची असेल तर पूर्ण रक्कम देईन म्हटले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि पैसे मोजून पर्समध्ये टाकले. मला त्यांचे ते मोजणे आवडले. ‘राहू द्या हो’ म्हणाल्या असत्या तर माझे ओझे माझ्यापाशीच राहिले असते.

वृद्ध बाई मात्र माळ सोडायला तयार नव्हत्या. त्यांची बोटे त्या चार पाकळ्यांच्या मण्यावरच होती. ‘मग ज्याने केला त्याला काय मिळाले?’ त्यांनी विचारले. मी सहा रुपये सांगितले, आणि तेही दुकानदाराला. कारागिराच्या हाती त्याहून कमी. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग सुनेचा हात धरून उठल्या. त्या दिवशी त्यांनी काही घेतले नाही. शेजारच्या कुंभारांनी सगळे ऐकले होते. ते एक शब्द बोलले नाहीत; पाच वाजता नेहमीप्रमाणे माझ्या टेबलामागे येऊन उभे राहिले.

इतर सहा माळा कोणाकडे आहेत, ते कळायला मार्ग नाही. त्यांच्यावरच्या जादा रकमेचा आकडा काढला आणि तेवढे पैसे वेगळे काढून ठेवले. ते दानपेटीत टाकावेत असे घरात सुचविले गेले. मला ते पटले नाही. दुसऱ्याच्या कामावर मिळविलेला पैसा दान करून आपण पुण्य घ्यायचे, हा पुन्हा तसाच व्यवहार झाला असता. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुरदिलनगरला पुन्हा गेलो. मला सळई धरू देणारे ते कारागीर भट्टीवर बसणे सोडून गेले होते. त्यांचा मुलगा काम करतो. आता मणी मी थेट त्यांच्याकडूनच मागविते, नगाला अकरा रुपये दराने. बाजूला काढलेली रक्कम पहिल्या मागणीची आगाऊ म्हणून दिली. त्यांनी ती का जास्त आहे असे विचारले. मी मागची बाकी आहे म्हणून सांगितले.

तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन ट्रे असतात. एकावर चिठ्ठी : ‘मणी व गुंफण माझी’. दुसऱ्यावर : ‘मणी पुरदिलनगरचे, गुंफण माझी’. भाव दोन्हींचे वेगळे. माझी अशी समजूत होती, की दुसऱ्या ट्रेला कोणी हात लावणार नाही. गेल्या डिसेंबरात पहिल्या ट्रेमधून एकोणतीस दागिने गेले आणि दुसऱ्यातून चौऱ्याऐंशी. यजमान म्हणतात, ‘मग ज्योत पेटवायचीच कशाला?’ प्रश्न गैरलागू नाही. सासूबाई असत्या तर त्यांनीही तोच विचारला असता. उत्तर म्हणून ज्योत-तासांचा रकाना मी त्यांच्यापुढे ठेवते. २०२२ मध्ये चारशे दहा होते, गेल्या वर्षी दोनशे पासष्ट. दुसऱ्या ट्रेच्या दागिन्यांपुढे आता रेघ नसते, शून्यही नसते. तिथे गावाचे नाव लिहिते, कारण ज्योत तर तिथेही जळलीच आहे.

यंदाची कार्तिकी पौर्णिमा झाली. भट्टीची तार या वेळी आधीच बदलून घेतली आहे. निळ्या काचेवर पांढरे फूल मी पूर्वी कधी केले नव्हते, ते शिकते आहे; आजवर साठेक मणी झाले. पाकळ्यांचे पाच ठिपके सारख्या अंतरावर बसणे फार कठीण असते, शेवटचा ठिपका देईपर्यंत काच निवायला लागते. त्यांतल्या दोन फुलांना चारच पाकळ्या आल्या आहेत. ते दोन मणी वेगळ्या डबीत ठेवले आहेत. त्या आजी आल्याच, तर पाचवी का राहते हे आता मला सांगता येईल.